दीड मीटर

नळी दीड मीटर भरली. असायला हवी होती वीतभर.

ताईने पट्टी खाली ठेवली आणि यंत्रामागे तशीच ओणवी राहिली. नळीची छान गुंडाळी करून ती चिकटपट्टीने यंत्राच्या पाठीला लावलेली होती. लावणारी ती स्वतःच. पाच महिन्यांपूर्वी जुनी नळी गळायला लागली तेव्हा हाताशी ही एकच होती, लांबलचक, दोन्ही टोकं आधीच बसवलेली. उद्या कापू, असं म्हणाली होती. तो उद्या काही उजाडला नाही.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत छोटी आली. तिला नाव होतं, पण ताईच्या हाताखाली आली म्हणून सगळ्यांची छोटीच झाली. काम एकच, प्रोटीन शुद्ध करायचं. काचेच्या उभ्या कॉलममध्ये बारीक सच्छिद्र मणी भरलेले असतात. वरून मिश्रण सोडायचं. मोठे कण मण्यांना वळसा घालून तडक खाली येतात, लहान कण छिद्राछिद्रांत डोकावत रमतगमत येतात, आणि सगळ्यांची फारकत होते. खाली यंत्र पहाऱ्याला बसलेलं असतं. प्रोटीन समोरून गेलं की ते कागदावर डोंगर काढतं. त्या वेळी भरत असलेली ट्यूब उचलायची, प्रोटीन तिच्यात असतं. म्हणजे यंत्रापासून ट्यूबपर्यंतची नळी वीतभर असेल तर असतं. दीड मीटर असेल तर ते अजून वाटेतच असतं आणि तीन ट्यूब उशिरा पडतं.

ताईच्या स्वतःच्या ट्यूब दहापट मोठ्या. थोडा उशीर झाला तरी तिचं प्रोटीन बहुतेक त्याच ट्यूबमध्ये पडायचं. छोटीच्या ट्यूब इवल्याशा. आणि पहिल्याच दिवशी ताईने तिला शिकवलं होतं, "डोंगराखालच्या तेवढ्या तपासायच्या, बाकीच्या ओतून द्यायच्या. पसारा नको मला."

छोटीने पाच महिने पसारा केला नाही.

तिने मीठ वाढवून पाहिलं, वेग कमी करून पाहिला. मणी उपसून कॉलम नव्याने भरला, तोही दोनदा. दर वेळी डोंगर यायचा आणि दर वेळी डोंगराखालच्या ट्यूब रिकाम्या. "यंत्राला दिसतं आणि हिच्या हाती लागत नाही, हा काय प्रकार आहे?" सरांनी ताईला विचारलं होतं. ताई म्हणाली होती, "कष्टाळू आहे पोरगी. पण हात नाही बसला अजून." याला महिना झाला. त्याच दुपारी ताईच्या मनात त्या नळीचा विचार येऊन गेला होता. पण बोलून बसली होती ना! मग वाकून बघणं जिवावर आलं.

ताईचं बोलणं सगळीकडे पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. छोटी घरी वाटीत पाणी घेऊन थेंब मोजायचा सराव करायला लागली. चहाची किटली समोर आली की हसत म्हणायची, "तुम्हीच ओता बाबा, माझ्या हाताचं काही खरं नाही." सगळे हसायचे. ताईही हसायची.

आज चार वाजता छोटीला संशोधनातून मोकळं केल्याचं पत्र द्यायचं होतं. त्याआधी एकदा यंत्र बघून घे, असं सर ताईला म्हणाले होते, आपलं नावापुरतं.

छोटी बर्फ आणायला गेली होती. ताईने पातं घेतलं, नळी वीतभर ठेवून कापली, टोक बसवलं आणि उरलेली गुंडाळी एप्रनच्या खिशात कोंबली. दोन मिनिटांचं काम. पाच महिने तिला ही दोन मिनिटं मिळाली नव्हती. आता कुणाला काही सांगायची गरज नाही, तिने स्वतःची समजूत घातली. छोटीचं प्रोटीन येईल, पत्र फाटेल, कुणाचंच वाईट होणार नाही.

छोटी बादली घेऊन आली.

"चल, सोड मिश्रण," ताई म्हणाली.

"नको ताई, तुम्ही सोडा. शेवटचंच आहे, एकदा तरी नीट होऊ दे."

ताईने सोडलं. पाऊण तासाने डोंगर आला. त्याखालच्या ट्यूबमधला थेंब ताईने प्रोटीन लागलं की निळा होणाऱ्या तपकिरी रंगात टाकला, तर रंग निळाशार झाला. छोटी ओरडलीच. त्या आवाजाने सर केबिनमधून बाहेर आले. पत्र हातात होतंच. त्यांनी ट्यूब उजेडात धरली.

"बघ," ते छोटीला म्हणाले. रागावून नाही, समजावत. "यंत्र तेच, मिश्रण तेच. फक्त हात वेगळा. आता तुलाही पटलं असेल."

"पटलं, सर." छोटीचा चेहरा खरोखर फुलला होता. "मला वाटत होतं, माझ्यामुळे यंत्रच बिघडलं की काय. ताईंचं काम अडलं असतं. यंत्र चांगलं आहे ना, सुटले मी." आणि तिने पत्रासाठी हात पुढे केला.

ताईला लख्ख कळलं. आपण उपकार करायला गेलो आणि तिच्यावर शिक्कामोर्तब करून बसलो. तिने खिशातली गुंडाळी काढून टेबलावर टाकली.

"हात नाही सर, नळी वेगळी होती. ही. मीच बसवली, कुणाला सांगितलं नाही आणि मघाशी चोरून कापली. हिचं प्रोटीन रोज येत होतं. तीन ट्यूब पुढे. रोज ते सिंकमध्ये ओतून द्यायला मीच शिकवलं हिला."

सरांनी हळूहळू पत्राची घडी घातली. ताई खाली मान घालून उभी राहिली. आता छोटी चिडेल, रडेल, काय वाटेल ते बोलेल, आपण ऐकून घ्यायचं, असं तिने ठरवलं. शेवटी तिने मान वर केली. छोटी आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होती.

"म्हणजे ताई," ती हळूच म्हणाली, "माझा हात बसलेला होता?"