सात लिटरचा डबा

बदल्या करणारे साहेब, तुम्ही एका सहीने घर मधोमध चिरता आणि तुमचं पेन क्षणभरही अडखळत नाही. नवरा-बायको एकाच खात्यात, एकाच मजल्यावर काम करतात हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी दोघांपैकी एकालाच बढती दिलीत आणि तीन वर्षांसाठी समुद्रापलीकडच्या ठाण्यावर नेमलंत. कुटुंब नेता येणार नाही. संमती तीस तारखेच्या आत कळवावी. तुमचा तो हुकूम बावीस दिवस या घरात पडून होता आणि घरातल्या एका माणसाने तो दुसऱ्यापासून लपवला होता. तुम्हाला त्याचं काय?

हुकूम माळ्यावर होता. जुन्या संगणकाच्या रिकाम्या खोक्यात, वॉरंटीच्या कागदांखाली. नवरा अंघोळीला गेला की बायको स्टुलावर चढायची, कागद जागेवर आहे ना ते बघायची, घडी तशीच आहे ना ते बघायची आणि उतरून चहा गाळायची.

एका रविवारी नवऱ्याने ते खोकं काढलं, थोडा वेळ उघडून बसला आणि परत वर ठेवलं. सोमवारपासून त्याने नवा संगणक बांधायला घेतला.

जुना चांगला चालत होता. टेबलाखाली बसवलेलं ते एक धूड होतं. रोज संध्याकाळी दोघं त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत. गाडी ती चालवायची, पुढची वळणं तो सांगायचा. संगणकाचं बटण उजव्या अंगाला. ती डावखुरी, त्यामुळे रोज वाकताना एकदा कुरकुरायची.

नव्याला ताकद तेवढीच हवी, पण डबा सात लिटरचा. बुटांच्या खोक्यापेक्षा लहान. त्याने आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून ते एकमेकांत बसवून पाहिले. ग्राफिक्स कार्ड अर्धा सेंटिमीटर लांब निघालं, तेव्हा आतली पट्टी कानशीने घासली. वायरी लांब होत्या, त्या कापून नव्याने जोडल्या.

"एवढ्याशा डब्याची हौस कसली?" तिने विचारलं.

"जागा कमी लागते."

"जागेची अडचण आहे कुठे आपल्याला?"

तो कानस घासत राहिला.

बटणासाठी त्याने डाव्या बाजूला भोक पाडलं. उजवीकडे कार्ड येतं, म्हणाला. तो भाजी आणायला गेल्यावर तिने झाकण काढून पाहिलं. उजवीकडे दोन बोटं मोकळी होती. म्हणजे थाप.

आणखी एकदा तो कपाटापुढे प्रवासाची बॅग उघडून तिच्यात फूटपट्टी घालताना दिसला. ती आत येताच त्याने बॅग लोटून दिली.

ती सरळ विचारू शकत होती. पण एक प्रश्न काढला की हुकमाचाही निघाला असता.

मग ती दुकानात गेली. सुटे भाग विकणारा तो दुकानदार नवऱ्याचा पंधरा वर्षांचा दोस्त. त्याला सगळे पेचकस म्हणत.

"वहिनी, मी त्याला म्हटलं, हत्तीला काड्यापेटीत झोपवतोयस का," पेचकस म्हणाला. "तर म्हणतो, विमानात हातातल्या सामानात जायला पाहिजे."

"आणखी काय घेतलं?"

"हेडफोन. माईकवाले. दोन."

"दोन कशाला?"

पेचकसने काउंटर पुसायला घेतला. हे तुमचं तुम्ही बघा, म्हणाला.

तिने पायऱ्या उतरताना हिशेब लावला. डबा विमानातून जाणारा. हेडफोन दोन. माणसाने सगळं ठरवून टाकलं होतं आणि घरात एक अक्षर नाही.

त्याच आठवड्यात तो प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवत होता. आतली सगळी उष्णता हा ठोकळा ओढून घेतो. त्याच्या तळाला कारखान्यातून एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, ती सोलून मग बसवायचा. नवऱ्याने न सोलताच बसवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्याचं लक्ष नव्हतं.

तिला ती पट्टी चकाकताना दिसली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. डबा चाललाच नाही, तर तो जाणार कुठे?

आणि तो चालला नाही. खेळ सुरू झाला की दोन मिनिटांत तापून बंद. नवऱ्याने चार दिवस वायरी तपासल्या, मग पेचकसला फोन लावला. वापरलेला प्रोसेसर गळ्यात मारलास, म्हणाला. तिकडून पेचकसनेही त्याचा उद्धार केला आणि दुकानाची पायरी चढू नकोस म्हणून बजावलं.

एकोणतीस तारखेला सकाळी ती स्टुलावर चढली. खोक्यात कागद नव्हता.

संध्याकाळी नवरा डबा तसाच पिशवीत घालून चपला घालत होता. आज सोक्षमोक्ष लावतो, म्हणाला. ती दारात आडवी आली.

"त्याला काही बोलू नकोस. ठोकळ्याखालची पट्टी तशीच आहे. बसवलास तेव्हाच पाहिली होती मी."

तो ओरडेल असं तिला वाटलं. त्याने चपला काढल्या, ठोकळ्याची पट्टी सोलली, सगळं पुन्हा बसवलं. पेचकसला फोन करून माफी मागितली आणि तिकडच्या शिव्या मुकाट्याने ऐकल्या. मग डबा टेबलावर तिच्या डाव्या हाताशी सरकवला. तिने बटण दाबलं. दोन मिनिटं गेली, पाच गेली. डबा कोमटच राहिला.

"हा हेडफोन इथे, जुन्याजवळ," तो म्हणाला. "हा डब्याबरोबर जाईल. खेळाची वेळ तीच."

"पट्टीचं मी सांगून टाकलं," ती म्हणाली. "आता तूही सांग."

त्याने खिशातून हुकूम काढला, उलगडला आणि तिच्यापुढे ठेवला.

"यावर नाव तुझं आहे. डबा तुझ्या बॅगेत मावतो, मोजलाय मी. उद्या तीस तारीख. जातेस की नाही?"