मोरपंखी पट्टी

"ह्याला कापा," ऋतुराजनं फोटोतल्या उजवीकडच्या माणसावर बोट ठेवलं. "बुवा तेवढे ठेवा."

अनुजानं फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. डावीकडं ऋतुराजचे आजोबा, कीर्तनकार गणपतरावबुवा. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, पांढरा पटका, हातात टाळ. मागं देवळाची चुन्याची भिंत. उजवीकडं गळ्यात पखवाज अडकवलेला माणूस, डोक्याला भलामोठा मोरपंखी फेटा.

"एकट्या बुवांचा फोटो नाही का?"

"ढिगानं हाईत की. पण बुवांनी हाच दिला, दुसऱ्याला हात लावू देईनात. वय झालंय, काय बोलायचं! तुमचं नावबी त्यांनीच काढलं. मी म्हटलं, पुण्याच्या कंपनीकडनं करून घेऊ. तर न्हाय. राजारामपुरीतल्या त्या पोरीकडंच जा म्हणाले."

"पोरीकडं?" अनुजा हसली.

"मनावर घेऊ नका मॅडम. त्यांना सगळ्याच पोरी."

काम सरळ होतं. बुवांची जुनी कीर्तनं लोकांना मोबाईलवर ऐकता यावीत म्हणून ती एक छोटं ॲप्लिकेशन बनवत होती. ब्लूटूथनं एकानं दुसऱ्याला पाठवावं, एवढंच. बुवांचा आवाज आता थकला होता. रामनवमीला ते शेवटचं कीर्तन करणार होते आणि त्याआधी हे तयार हवं होतं. पडद्यावरच्या वरच्या पट्टीचा रंग तिनं ठरवलेला नव्हता. प्रोग्रॅमच फोटोतले रंग मोजायचा, पांढरा-करडा सोडून द्यायचा आणि जो रंग जास्त भरेल तो पट्टीला चढवायचा.

कॉम्प्युटरवर एक जुनं कीर्तन चालू होतं. बुवा एकेक शब्द सोडत होते आणि पखवाज तो अलगद झेलत होता.

"रामनवमीला पखवाजावर कोण बसणार?" अनुजानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"तीच तर पंचाईत हाय. चार जण आले नि गेले. बुवांचं कुणाशीच जुळंना." ऋतुराजनं पुन्हा फोटोवर बोट आपटलं. "जुळायचं ते ह्याच्याशी. केरबा पखवाजी. ऐकलाय कधी?"

"ऐकलाय."

"गारगोटीत भर कीर्तनात बुवांची ओळ चुकली, तर ह्या बहाद्दरानं पखवाजच थांबवला! बुवा म्हणाले, ऊठ. हा उठला, तो आजतागायत फिरकला न्हाय. घरात कुणी नाव काढलं तर बुवा ताटावरनं उठतात. म्हणून म्हणतो, कापा. त्याची सावलीबी दिसाय नको. दिसली तर तुमचं काम गेलं, नि माझी काय धडगत न्हाय."

अनुजाची बोटं टेबलाच्या कडेवर हलकेच पडत होती. ऋतुराज बोलायचा थांबला, तशी तिनं हात मांडीवर घेतला.

"कापते," ती म्हणाली.

गुरुवारी ऋतुराजला घेऊन बुवा स्वतः आले. अरुंद जिना चढून त्यांना धाप लागली होती. अनुजानं पाणी दिलं, पाया पडली.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. बस की पोरी."

तिनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. पडद्यावर बुवा एकटेच उभे होते. उजवीकडं कुणी नव्हतं. आणि त्यांच्या डोक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोरपंखी पट्टी.

ऋतुराजचा चेहरा उतरला. "मॅडम, हा रंग कुठला?"

"फोटोतला."

"फोटोत हाय कुठं? सगळं पांढरं हाय. आला तर टाळांचा पितळी यायला पायजे!"

"प्रोग्रॅम आधी अख्ख्या फोटोतनं रंग घेतोय. फोटो मागनं कापतोय."

"मग उलटं करा की! आधी कापा!"

"करता येईल. दोन मिनिटांचं काम आहे." ती बुवांकडं वळली. "करू?"

तिचा हात मात्र कीबोर्डकडं गेला नाही.

बुवांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग अंगठा त्या पट्टीवरनं सावकाश फिरवला, काचेवरची धूळ पुसावी तसा.

"कुणाचा रंग उचललाय, ते तुझ्या मशीनला कळतंय का गं?"

"मशीनला नाही कळत."

"व्हय," बुवा म्हणाले. "मशीनला कुठलं कळतंय." त्यांनी मान वर न करताच हाक मारली. "ऋतुराज, रिक्षा बघ जा."

"आधी तो रंग तरी—"

"रिक्षा."

ऋतुराज पाय आपटत जिना उतरला. बुवांनी मोबाईल उपरण्याच्या टोकानं पुसून अनुजाच्या हातात परत दिला. दारापर्यंत गेले, चौकटीला धरून थांबले.

"चिमणे," ते म्हणाले, "तुझ्या बापाला म्हणावं, रामनवमीला ह्योच फेटा बांधून ये. नि मी चुकलो, तर परत थांबव."