मागचा फाळका

टेक्सासात एवढी दणकट पिकअप इतक्या स्वस्तात कोण देतं? रॉइसच्या मनात पाल चुकचुकली. नवी परवडत नव्हती, पण जुनी घेऊन फसायचंही नव्हतं. त्याने इंजिन ऐकलं, खाली झोपून गंज शोधला; सगळं चोख. “मागचा फाळका उघडू नकोस,” गाडी विकणारा म्हातारा ऑर्विल म्हणाला. “का? तळ सडलाय वाटतं!” “काही सडलेलं नाही. राहू दे म्हणतो ना.” “काका, मला खुळा समजता?” म्हणत रॉइसने खटका ओढलाच. फाळका धाडकन पडला. त्यासरशी ओसरीवर पेंगणारा म्हातारा कुत्रा धावत आला, उडी मारून आत चढला आणि कोपऱ्यात ऐटीत बसला. “आता उतरायचा नाही,” ऑर्विल पुटपुटला. “त्याला वाटतं, गुरांकडे निघालो. उद्या मी लेकीकडे चाललो, फ्लॅटमध्ये. तिथे कुत्रा चालत नाही.” रॉइसने पैसे काढून त्याच्या हातात ठेवले. मग कुत्र्याची शेपटी सांभाळत त्याने फाळका हळूच लावला.