कडू बाटल्या

गोपिकानं खिडकीतून स्पष्ट पाहिलं. हायाशी कारखान्यामागच्या उकिरड्यावर वाकला. फेकलेली बाटली उचलून त्यानं कोटाच्या खिशात घातली. सलग तिसरा दिवस.

एकाहत्तर साल होतं. संत्र्याच्या मोसमात सगळं आवार सालींच्या वासानं भरून जायचं. पण पिळलेला रस दुसऱ्या दिवशी कडू व्हायचा. हा कडवटपणा मिळून घालवायचा, असा नागपूरच्या या कारखान्याचा एका जपानी कंपनीशी करार होता. हायाशी त्यासाठीच आलेला. दोन वर्षं झाली, रस कडू तो कडूच. शनिवारी करार संपणार होता. त्यासोबत प्रयोगशाळा बंद, आणि खापा गावातून शिकून प्रयोगशाळेत लागलेल्या गोपिकाची नोकरीही.

मॅनेजर मनोहररावांना हायाशीचा पहिल्यापासून संशय. ते गोपिकाला बजावायचे, "चांगलं निघते तेवढंच दाखव त्याले. बिघडलेलं फेक, अन् त्याची पानं रजिस्टरातून फाडून जाळ. आपली फजिती जपानले काहून कळवायची वं?"

बाटल्या ती फेकायची. पानं मात्र तिच्यानं जाळवली नव्हती. ती तिच्या पिशवीत होती.

शिवाय हायाशीची ती कुलूपबंद पेटी. कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"आपला रस भरून नेऊन राहिला तो," गोपिकानं उकिरड्यावरचं सांगताच मनोहरराव म्हणाले. "चल, आजच पकडू."

दोघं प्रयोगशाळेत शिरली. स्टोव्हवर रस तापत होता. हायाशी उकिरड्यावरची बाटली चाखत होता. तोंड वाकडं झालेलं.

"पेटी उघडा!" मनोहरराव ओरडले.

त्यानं मुकाट्यानं उघडली. आत रसाच्या बाटल्या, प्रत्येकीवर इंग्रजी चिठ्ठी, जपानमधल्या प्रयोगांच्या तारखा.

"आमच्या बिघडलेल्या," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "दाखवायच्या नाहीत, असा जपानमधल्या आमच्या साहेबांचा हुकूम आहे."

गोपिका एकेक चिठ्ठी वाचत गेली. चाळिसावीवर ती थांबली. 'बियांसकट पिळला. तापवला नाही. कडू.'

तिनं पिशवीत हात घातला.

"काय करून राहिली तू?"

तिनं फाडलेलं नववं पान काढून त्या चिठ्ठीशेजारी ठेवलं. 'बिया काढून पिळला. तापवला. कडू.'

मनोहररावांनी दोन्ही वाचलं. पुन्हा वाचलं. बिया काढून आणि न तापवता, असं दोघांपैकी कुणीच करून पाहिलं नव्हतं. मग दारात जाऊन त्यांनी हाळी दिली, "संत्री आणा गा कोणी! बिया काढून घ्या!"

आणि वळून हायाशीला म्हणाले, "साहेब, तो स्टोव्ह विझवा."