पत्ता विचारू नये

"ते घर नेमकं आहे कुठे?" त्या माणसाने तिसऱ्यांदा विचारलं.

ग्रंथपालबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. वस्तू इथेच द्याव्यात, पत्ता विचारू नये, असं त्यांनीच सकाळी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं. 

शाळेच्या सभागृहात मदतीसाठी जुन्या वस्तूंची विक्री चालली होती. घरोघरची माणसं वापरात नसलेले कपडे, खेळणी, भांडी आणून देत, दुसऱ्या घरची माणसं ती विकत घेत, आणि उरलेलं सगळं संध्याकाळी बाईंच्या गाडीतून त्या घरी जाई. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायका तिथे मुलांना घेऊन राहत. पत्ता चौघांनाच ठाऊक होता आणि त्यांतल्या एक बाई. एरवी ग्रंथालयात पुस्तक पडलं तरी दचकणाऱ्या आपल्यावर हे काम कसं येऊन पडलं, हे त्यांनाही कोडंच होतं.

त्यात सकाळी त्या घरची व्यवस्था पाहणाऱ्या मावशींचा फोन आला होता. चिमणीचा बाप शोधत शोधत इथवर पोचला होता. चिमणी सात वर्षांची, आईबरोबर त्या घरी राहणारी. बापाचा फोटो कुणाकडेच नव्हता.

"कुणी बाप्या जास्त चौकशी करायला लागला तर तोंडाला कुलूप," मावशी म्हणाल्या होत्या. "मागच्या वेळी त्याने तिच्या आईचा हात मोडला. आता सापडली तर जिवंत सोडायचा नाही."

आणि हा बाप्या समोर उभा. रुंद खांदे, भुवईवर जुना व्रण, काखेत हेल्मेट. म्हणे मी प्लंबर आहे, पैसे द्यायला जमत नाहीत, पण बायको, भाऊ, वहिनी, आम्ही घरचे सगळे मिळून एक रविवार तिथले नळ दुरुस्त करून देऊ. नळ गळतात हे याला कुणी सांगितलं, असं बाईंच्या मनात आलं. नळ कुठल्या घरात गळत नाहीत, हे काही त्यांना त्या क्षणी सुचलं नाही. त्या नुसतंच नाही म्हणाल्या आणि तो गेला.

दिवसभर काहीच न विचारणारं माणूस एकच होतं, चष्मेवाल्या काकू. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, खांद्याला विणकामाची पिशवी. सभागृह उघडल्यापासून त्या आलेल्या, आणि कुणी न सांगता कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. त्या घरच्या मुलांनी आभाराची चित्रं काढून पाठवली होती, ती बिननावाची चित्रं भिंतीवर लावली होती. त्यांतल्या एकापाशी काकू बराच वेळ थांबल्या. चित्रात सूर्याला चष्मा होता. त्यांनी आपला चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घड्यांना लागल्या. मग पिशवीतून लाल स्वेटर काढून शेवटची बाही विणू लागल्या. सहा-सात वर्षांची एखादी मुलगी असेल तर होईल तिला, म्हणाल्या. माप लागत नाही मला, अंदाज चुकत नाही.

चार वाजता विक्री आटोपली. बाईंनी खिडकीतून डोकावलं. तो माणूस अंगणात त्यांच्या गाडीपाशीच उभा होता. उगाच साप साप म्हणून भुई धोपटतोय आपण, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं. पण बाहेर जायचा धीर होईना. शेवटी मनातली भीती त्यांनी काकूंना सांगून टाकली. पत्ता तेवढा सांगितला नाही.

"एकटी जाऊ नकोस," काकू म्हणाल्या. "दोघी असलो की जवळ यायचा नाही. मला वाटेत कुठेही सोड."

परक्या माणसाला बरोबर न्यायचं नाही, हा नियम बाईंना पाठ होता. पण वाटेत सोडायचं म्हणजे काही घरी नेणं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. गाडीपाशी तो माणूस पुढे झाला, "ताई, विचार करून कळवा," म्हणत त्याने फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिडकीतून पुढे केली. बाईंनी चिठ्ठीसकट काच वर केली.

तिसऱ्या वळणावर त्यांना आरशात एक करडी गाडी दिसली. बाईंनी वेग कमी केला, तिनेही केला. बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"काकू, तो मागे आहे."

काकूंनी वळून पाहिलं नाही. "थांबू नकोस. मला इथे उतरवलंस तर त्याच्याच तावडीत सापडेन मी. सरळ आत ने."

आता नियम आठवायला वेळ नव्हता. बाईंनी दोन गल्ल्या भरधाव काढल्या, कर्कश हॉर्न दिला, मावशींनी लोखंडी फाटक उघडलं आणि गाडी आत येताच धाडकन लावून घेतलं. वरची कडी, खालची कडी, मग कुलूप. तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला. आज या नसत्या तर माझं काही खरं नव्हतं, असं त्या मावशींना सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांना रडू आलं.

मुलं खोक्यांभोवती जमली. काकू पायरीवर टेकल्या, लाल स्वेटर काढून मांडीवर सारखा केला. चिमणी सगळ्यांत शेवटी बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. फाटकाबाहेर एक गाडी येऊन उभी राहिली, तिचं इंजिन बंद झालं.

"आजी," चिमणी अगदी हळू म्हणाली, "बाबांना सांगू नकोस ना."