मनाजोगते भाडेकरू

कर्ज काढून हिंदुरावांनी जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला. भाड्यातून हप्ता सुटेल, असा साधा हिशेब. पण आलेल्या प्रत्येक भाडेकरूत त्यांच्या पत्नी बजाबाई खोट काढायच्या. "यांची पोरं लई दंगेखोर!" "त्या बाईचं तोंड लई मोठं!" आणि रोज दुपारी "फ्लॅट झाडून येते" म्हणत किल्ली घेऊन निघायच्या.

एकदा वैतागून हिंदुराव मागोमाग गेले. दार नुसतं लोटलेलं. शुक्रवार पेठेतल्या राहत्या घरी नातवंडांचा नि टीव्हीचा नुसता कल्ला, आणि इथं बजाबाई पंख्याखाली चटईवर गाढ घोरत होत्या! हिंदुराव हळूच शेजारी आडवे झाले. मग एजंटाला फोन लावून दबक्या आवाजात म्हणाले,


"भाडेकरू मिळालं बरं का. नवरा-बायको दोघंच हायत, लई शांत!"