ताईची बुरशी

ताईच्या रक्तात बुरशी शिरली होती आणि ती एकाही औषधाला दाद देत नव्हती. धाकटी बहीण प्रयोगशाळेत धातूंच्या संयुगांतून नवी औषधं शोधायची. डॉक्टरांनी तीच बुरशी तिच्याकडे तपासायला पाठवली. तिच्या बिस्मथच्या संयुगाने काचेच्या बशीतली बुरशी साफ केली.

"मग दे ना तिला!" भावोजी म्हणाले.

"शेजारच्या बशीत माणसाच्या किडनीच्या पेशी होत्या, भावोजी. त्याही मेल्या."

"तशीही ती हातची चाललीच आहे. पाया पडतो तुझ्या."

तिने दिलं नाही. त्याच आठवड्यात ताई गेली. भावोजींनी धाकटीशी बोलणं टाकलं.

बुरशी मात्र तिने प्रयोगशाळेत जिवंत ठेवली. नवं संयुग बनलं की त्याची पहिली गाठ हिच्याशीच. बिस्मथ झालं, गॅलियम झालं, चांदीही झाली. कधी बुरशी पुरून उरायची, कधी पेशी मरायच्या. "जरा सोपी बुरशी घे की," सहकारी म्हणायचे. ती ऐकायची नाही.

काही वर्षांनी एका दुपारी बुरशी मेली आणि पेशी टवटवीत राहिल्या. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मग भावोजींना फोन लावला. त्यांनी उचलला.

"भावोजी, ताईची बुरशी मेली. पेशी शाबूत आहेत."



"माणसाला कधी देता येईल?"

"अजून उंदरांवर तपासायचंय. बरीच वर्षं जातील."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? लाग कामाला."